धर्मग्रामात न्यायाचे काम कसे उभारावे

कॅथलिक ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण अभ्यासायला घेतलेला धर्मग्रामातील (पॅरिशमधील, म्हणजे एका चर्चच्या परिसरातील ख्रिस्ती समाजातील) गट बहुतेक वेळा एका ठराविक वाटेने जातो. एक-दोन व्याख्याने होतात, उपवासकाळात निधी जमतो, नाताळाच्या आधी धान्य आणि कपड्यांचे वाटप होते, एखादे आरोग्य शिबिर होते आणि वर्ष संपते. या कामाचे मोल मी कमी लेखत नाही, कारण उपाशी माणसाला आजच अन्न लागते. परंतु सामाजिक शिकवण जो प्रश्न विचारते तो वाटपाच्या आधीचा आहे. ज्याच्या हातात आपण धान्याची पिशवी देतो, त्याच्या हक्काचे काही आपल्या घरात, आपल्या संस्थेत किंवा ज्या व्यवस्थेचा लाभ आपण घेतो त्या व्यवस्थेत अडकून पडले आहे का? पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ साली 'कारितास इन वेरिताते' या विश्वपत्रात (पोपने साऱ्या ख्रिस्तसभेला उद्देशून लिहिलेल्या पत्रात) हे नेमके मांडले आहे. न्यायाने जे दुसऱ्याचेच आहे ते आधी त्याच्या पदरात घातल्याशिवाय मी माझ्याजवळचे काही त्याला 'देऊ' शकत नाही, असे ते म्हणतात. दानधर्म न्यायाच्या पुढे जातो, पण न्यायाला वळसा घालून जाऊ शकत नाही.

त्या आधीच्या प्रश्नावर एका धर्मग्रामाने प्रत्यक्ष काम कसे करावे, हे येथे सांगायचे आहे. वसई, मुंबई, ठाणे आणि पालघर या पट्ट्यातील मराठी बोलणारे धर्मग्राम डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

प्रश्न एकच निवडावा, आणि तो आपल्या दाराशी असावा

पहिल्याच बैठकीत दारिद्र्य, पर्यावरण, भ्रष्टाचार, जातिभेद आणि स्थलांतर असे सगळे विषय फळ्यावर लिहिले जातात आणि गट तेथेच थकतो. वर्षभरासाठी एकच प्रश्न घ्यावा. तो असा असावा की त्यातला काही भाग तरी गटातील माणसांच्या स्वतःच्या हातात असेल. माझी स्पष्ट शिफारस मजुरीच्या प्रश्नाची आहे. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई, आजारी आईची देखभाल करणारी मावशी, चर्चची झाडलोट करणारा, दफनभूमीत खड्डा खणणारा, धर्मग्रामाच्या शाळेच्या फाटकावर उभा असलेला एजन्सीचा सुरक्षारक्षक आणि वाडीत किंवा बांधकामावर रोजंदारीवर येणारा आदिवासी मजूर यांना किती मिळते, कधी मिळते आणि कोणत्या वागणुकीसह मिळते, हा तो प्रश्न.

याला भक्कम आधार आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' या विश्वपत्राच्या १९ व्या परिच्छेदात म्हटले आहे की एखादी आर्थिक-सामाजिक व्यवस्था न्याय्य आहे की नाही हे तपासण्याचे ठोस साधन म्हणजे त्या व्यवस्थेत कामगाराला मिळणारे वेतन होय. हे वाक्य देशाच्या अर्थव्यवस्थेला जितके लागू आहे तितकेच एका बिऱ्हाडाला आणि एका पॅरिश ऑफिसला लागू आहे.

काय वाचावे आणि किती

विश्वपत्रे लांब असतात आणि त्यांची भाषा जड असते. ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा संकल्प करणारे गट सहसा तिसऱ्या आठवड्यात विखुरतात. त्यापेक्षा निवडक उतारे घ्यावेत, प्रत्येक बैठकीला एकच, आणि तो मोठ्याने वाचून घ्यावा.

सुरुवात बायबलपासून करावी. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील चौथे वचन सांगते की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी पोचला आहे. बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे, आणि तो मजूर आपला देशबांधव असो वा परका, दोघांसाठी ती सारखीच आहे. ठरलेल्या तारखेला पगार देण्याचे महत्त्व पटवून देण्यासाठी यापेक्षा जास्त काही लागत नाही.

त्यानंतर पोप तेरावे लिओ यांचे १५ मे १८९१ चे 'रेरुम नोव्हारुम' घ्यावे. युरोपातील कारखान्यांत माणसे पिळून निघत होती, समाजवादी चळवळी जोर धरत होत्या आणि मालकवर्ग मजुरीला केवळ बाजारातील सौदा मानत होता, अशा काळात हे पत्र आले. त्याने खासगी मालमत्तेचा हक्क राखला, पण त्याचबरोबर कामगारांचा संघटनेचा हक्क, विश्रांतीचा हक्क आणि पोट भरेल इतक्या वेतनाचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. पुढे १९३१ मध्ये 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या पत्राने वेतन ठरवताना कामगाराच्या कुटुंबाचाही विचार झाला पाहिजे, असे सांगितले. १९६७ च्या 'पॉपुलोरुम प्रोग्रेसियो' मधील ५१ वा परिच्छेद आमच्या भागातील गटाने अवश्य वाचावा. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिक मेळाव्यासाठी आले होते. शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग जगातील गरिबांसाठीच्या निधीत वळवा, असे आवाहन त्यांनी येथूनच केले होते, आणि या परिच्छेदात त्यांनी मुंबईचे नाव घेऊन त्याची आठवण करून दिली आहे. ज्या वडीलधाऱ्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना त्या बैठकीला मुद्दाम बोलवावे.

हे सगळे जुन्या जगाचे आहे, असे तरुण म्हणतील. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले आणि ते का घेतले हे सांगताना त्यांनी 'रेरुम नोव्हारुम'चा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कामगारांपुढे उभ्या राहिलेल्या नव्या प्रश्नांचा एकत्र उल्लेख केला. मोबाईलवरच्या अ‍ॅपवरून धावणारा डिलिव्हरीचा मुलगा आणि १८९१ चा गिरणी कामगार यांच्यात अंतर आहे, पण ऑर्डर रद्द झाल्यावर किंवा अपघात झाल्यावर त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न दोघांचा एकच आहे.

पाहणे

गटाने वापरायची पद्धत तीन पायऱ्यांची आहे: पाहणे, पारखणे आणि कृती करणे. जोसेफ कार्डेन या बेल्जियन धर्मगुरूंनी १९२० च्या दशकात तरुण कामगारांच्या गटांमध्ये ती रुजवली, आणि पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या 'माटेर एत माजिस्त्रा' मध्ये तिची शिफारस केली. तीन पायऱ्यांपैकी पहिली सर्वांत कठीण आहे, आणि ती घाईने उरकली तर पुढचे सगळे पोकळ होते.

पाहण्याची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. गटातील प्रत्येक कुटुंबाने नाव न लिहिता एक चिठ्ठी भरावी. घरी कामाला कोण येते, रोज किती वेळ थांबते, महिन्याला किती पैसे ठरले आहेत, शेवटची वाढ कधी झाली, आठवड्याची सुटी आहे का, आजारपणाचे दिवस कापले जातात का, आपण गावी किंवा परदेशी मुलांकडे गेलो की त्या महिन्याचा पगार देतो का, सणाला काही देतो का, एवढे त्यात असावे. त्याखाली आणखी तीन प्रश्न असावेत: तिचा चहाचा कप वेगळा ठेवला आहे का, तिला आपले शौचालय वापरता येते का, आणि आपल्या इमारतीत तिला लिफ्ट वापरू देतात का. या तीन प्रश्नांवर बैठकीत शांतता पसरते. ती पसरू द्यावी. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाविषयीचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद टिकून असल्याचे मान्य केले आहे, तेव्हा वेगळ्या कपाची गोष्ट केवळ स्वच्छतेची आहे असे म्हणून कोणी सुटू नये.

मग हिशेब मांडावा. समजा, एक बाई चार घरी काम करते, प्रत्येक घरी दीड तास जातो आणि प्रत्येक घर तिला महिन्याला २,००० रुपये देते. तिची महिन्याची मिळकत ८,००० रुपये झाली. ती रोज सहा तास काम करते. तिला एकही सुटी नसेल तर तीस दिवसांचे १८० तास होतात आणि तासाला साधारण ४४ रुपये पडतात. आठवड्याला एक सुटी दिली तर सव्वीस दिवसांचे १५६ तास होतात आणि दर साधारण ५१ रुपयांवर जातो. चारही घरांचा खर्च एका रुपयानेही न वाढता तिच्या तासाची किंमत सात रुपयांनी वाढली. उलट बाजूने पाहिले तर सुटी नाकारणारे घर आपल्या नकळत दर महिन्याला तिच्या सहा तासांच्या श्रमाचा मोबदला बुडवत असते. एका घरातून दुसऱ्या घरी चालण्यात जाणारा वेळ यात धरलेलाच नाही. असा हिशेब आपल्या धर्मग्रामातील खऱ्या आकड्यांवर करावा आणि त्याशेजारी तिच्या घराचे भाडे, वीज, मुलांची फी, गॅस आणि औषधे यांचा खर्च लिहावा. वेतन पुरते की नाही याविषयीचा वाद त्या कागदाने बराचसा मिटतो.

ही माहिती कामगारांकडूनच घ्यावी, आणि ती घेताना त्यांचा मालक समोर नसावा. जिच्याकडून आपण स्वतः काम करवून घेतो तिची मुलाखत आपण घेऊ नये. दुसऱ्या गावातल्या किंवा दुसऱ्या लघु ख्रिस्ती समूहातल्या (धर्मग्रामातील शेजारी कुटुंबांच्या गटातल्या) बहिणींनी ती घ्यावी. चर्चच्या सभागृहात बोलावले तर अनेक जणी येणार नाहीत, कारण ज्यांच्याकडे त्या काम करतात ती मंडळी तेथेच वावरतात. दुपारी दोन-अडीचच्या सुमारास, सकाळची घरे आटोपल्यावर आणि संध्याकाळची सुरू होण्यापूर्वी, त्यांच्या वस्तीत जावे. नावे आणि फोन क्रमांक लिहून घेऊ नयेत. आपल्या माहितीमुळे एका बाईचे जरी काम सुटले तरी तो अन्याय आपल्या हातून झालेला असेल.

वाडीतल्या आणि बांधकामावरच्या मजुरांचे पाहणे वेगळे असते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतून भाताची कापणी आटोपल्यावर कुटुंबेच्या कुटुंबे वसई-भिवंडीच्या पट्ट्यात येतात. वीटभट्टीवर पावसाळ्यातच उचल दिलेली असते. नंतर हजार विटांमागे दर ठरतो, आठवड्याला खर्ची मिळते आणि हंगाम संपताना हिशेब होतो. त्या हिशेबाची वही मालकाकडेच असते. उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामालाही तेथेच यावे लागत असेल, किंवा दुसरीकडे कामाला जाण्याची मुभा नसेल, तर तो वेठबिगारीचा प्रकार ठरू शकतो, आणि १९७६ च्या कायद्याने ती प्रथा बंद झालेली आहे. अशा ठिकाणी उत्साहाच्या भरात धर्मग्रामाच्या तरुणांनी स्वतः भट्टीवर जाऊन चौकशी करू नये. मालक सावध होतो, आणि त्रास मजुराच्या वाट्याला येतो. या पट्ट्यात श्रमजीवी संघटनेने वेठबिगारीविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला आहे. अशा अनुभवी माणसांबरोबर तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे जावे, कारण वेठबिगाराला मुक्त करण्याची कायदेशीर जबाबदारी प्रशासनाची आहे.

पारखणे

गोळा केलेली माहिती आणि वाचलेली शिकवण या पायरीवर एकमेकांसमोर ठेवायची असते. सामाजिक शिकवणीची तत्त्वे पाठ करून येथे भागत नाही. प्रत्येक तत्त्वाचा एक प्रश्न करून तो आपल्या कागदाला विचारावा लागतो.

पहिला आक्षेप हमखास येतो: "आम्ही कोणावर जबरदस्ती केलेली नाही. तिला दर पटला म्हणून ती येते. बाजारात हाच दर चालतो." हा आक्षेप घेणारी माणसे दुष्ट नसतात, आणि त्यांना गप्प बसवून काही साधत नाही. त्यांना 'रेरुम नोव्हारुम' मधील उतारा वाचून दाखवावा. पोप तेरावे लिओ म्हणतात की मालक आणि कामगार यांनी मोकळेपणाने करार करावा हे ठीकच आहे, परंतु माणसामाणसांतील कोणत्याही सौद्याहून जुना आणि अधिक बंधनकारक असा एक नैसर्गिक न्याय आहे. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा चरितार्थ चालेल इतके वेतन त्याला मिळालेच पाहिजे, असे तो न्याय सांगतो. गरजेपोटी किंवा याहून वाईट काही ओढवेल या भीतीपोटी कामगाराने कमी वेतन पत्करले, तर तो बळजबरीचा आणि अन्यायाचा बळी ठरतो.

याच्या शेजारी आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निकाल ठेवावा. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांसाठी जी बांधकामे चालू होती त्यांवरील मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हते, आणि पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने त्यांची बाजू न्यायालयात नेली होती. न्यायमूर्ती भगवती यांनी त्या निकालात सांगितले की राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने मना केलेली सक्तीची मजुरी केवळ दंडुक्याच्या धाकाने करवून घेतलेली मजुरी नव्हे. भूक आणि दारिद्र्य यांच्या रेट्यामुळे दुसरा मार्ग न उरलेला माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबतो तेव्हा तीही सक्तीची मजुरीच होय. रोममधील एका पोपने १८९१ मध्ये आणि दिल्लीतील एका न्यायमूर्तींनी १९८२ मध्ये, एकाने नैसर्गिक न्यायाच्या आधाराने आणि दुसऱ्याने राज्यघटनेच्या आधाराने, एकाच ठिकाणी बोट ठेवले आहे. संमती होती एवढ्याने सौदा न्याय्य ठरत नाही. माझ्या मते या संपूर्ण अभ्यासाचा गाभा हाच आहे आणि त्यासाठी एक अख्खी बैठक खर्च करणे योग्य ठरते. शिवाय आपल्या गटात ख्रिस्ती नसलेले शेजारी सहभागी झाले, तर त्यांच्याशी बोलताना राज्यघटनेची भाषा हाताशी असते.

दुसरा आक्षेप संस्थांकडून येतो. सुरक्षारक्षक एजन्सीचा आहे, सफाई कामगार ठेकेदाराचा आहे, आम्ही फक्त बिल भरतो. 'लाबोरेम एक्सेर्चेन्स'च्या १७ व्या परिच्छेदात अप्रत्यक्ष मालकाची कल्पना मांडली आहे. कामगाराशी थेट करार न करणारी, पण त्या कराराच्या अटी ज्यांच्या धोरणांमुळे घडतात अशी सगळी माणसे आणि संस्था त्या अन्यायात वाटेकरी असतात. सर्वांत कमी रकमेची निविदा स्वीकारणारी शाळा, रुग्णालय किंवा गृहनिर्माण सोसायटी त्या रकमेत बारा तासांच्या पाळीचे कायदेशीर वेतन बसते का, हे तपासत नसेल, तर ती अप्रत्यक्ष मालक आहे.

आणखी एक तत्त्व आपल्या स्वतःच्या सवयीवर बोट ठेवते. जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते वरच्याने त्याच्या हातून काढून घेऊ नये, असे 'क्वाद्राजेसिमो आन्नो'च्या ७९ व्या परिच्छेदात म्हटले आहे. ते वाचल्यावर गटाने स्वतःला विचारावे की आपण कामगारांच्या वतीने बोलत आहोत की त्यांना बोलता यावे म्हणून जागा करून देत आहोत. धर्मग्रामाच्या बैठकीत घरकामगारांविषयीचा निर्णय होतो आणि त्या बैठकीत एकही घरकामगार नसते, हे चित्र बदलायला हवे.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती टाळू नये. निवृत्तिवेतनावर किंवा मुलांच्या मदतीवर जगणारी वृद्ध जोडपी आमच्या गावांत पुष्कळ आहेत. दिवसभराची देखभाल करणारी बाई त्यांना हवी असते आणि न्याय्य वेतन त्यांना झेपत नाही. त्यांना दोषी ठरवू नये. कमी तास, पण योग्य दर, हा एक मार्ग आहे. दोन-तीन घरांनी मिळून एका बाईला पूर्ण वेळाचे काम आणि पूर्ण पगार देणे हा दुसरा. आणि धर्मग्रामाच्या निधीतून फरकाची रक्कम भरणे हा तिसरा. हा तिसरा मार्ग मला विशेष मोलाचा वाटतो. येथे दानाचा पैसा न्यायाला बगल देत नाही, तो न्याय पुरा करतो.

कृती

कृतीचा क्रम आतून बाहेर जाणारा असावा. १९७१ च्या बिशपांच्या धर्मसभेने 'जगातील न्याय' या दस्तऐवजात म्हटले आहे की जो लोकांशी न्यायाबद्दल बोलायला धजतो, तो आधी लोकांच्या नजरेत न्यायी असला पाहिजे. म्हणून पहिले तीन महिने गटातील कुटुंबांनी फक्त स्वतःच्या घरात बदल करावेत. आठवड्याची एक भरपगारी सुटी, ठरलेल्या तारखेला पगार, दरवर्षी ठरलेल्या महिन्यात वाढ, आजारपणाचे काही दिवस न कापणे आणि नाताळाला किंवा दिवाळीला, तिचा जो सण असेल त्याला, एक महिन्याचा जादा पगार, एवढे पुरे आहे. हे तोंडी न ठेवता एका वहीत लिहावे आणि ती वही तिच्याकडेच असावी.

त्याच काळात राज्याच्या घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे तिची नोंदणी करून द्यावी. महाराष्ट्रात यासाठीचा कायदा २००८ साली झाला; त्यामागे अनेक संघटनांचे प्रयत्न होते, आणि मुंबईत सिस्टर जान डिव्होस यांनी १९८५ मध्ये सुरू केलेली घरकामगारांची चळवळ त्यांपैकी एक होती. नोंदणी १८ ते ६० या वयोगटासाठी आहे आणि तीत मालकाचे प्रमाणपत्र लागते. अनेक बायकांची नोंदणी केवळ या कागदापाशी अडते, कारण सही केली तर आपल्यावर काही जबाबदारी येईल अशी घरमालकांना भीती वाटते. गटातील कुटुंबांनी आपापली प्रमाणपत्रे आधी द्यावीत, मग मिस्सेनंतर (चर्चमधील उपासनेनंतर) शेजाऱ्यांशी बोलावे.

दुसरी पायरी धर्मग्रामाच्या संस्थांची आहे, आणि येथे फादरांना विश्वासात घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाण्याऐवजी ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा घेऊन जावे. कॅनन लॉच्या १२८६ व्या कलमानुसार, ख्रिस्तसभेची मालमत्ता सांभाळणाऱ्यांनी कामगारांना नेमताना देशाचे कामगारविषयक कायदे काटेकोरपणे पाळले पाहिजेत आणि त्यांच्या व त्यांच्या कुटुंबाच्या गरजा भागतील असे न्याय्य वेतन दिले पाहिजे. २३१ व्या कलमात ख्रिस्तसभेची कायमस्वरूपी सेवा करणाऱ्या प्रापंचिकांना (धर्मगुरू नसलेल्या सामान्य सभासदांना) योग्य मोबदल्याचा हक्क आहे. प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असावी असे ५३७ वे कलम सांगते. त्या समितीपुढे हा विषय रीतसर ठेवावा. विचारायचे प्रश्न साधे आहेत: आपल्याकडे एकूण किती जण काम करतात, त्यांना नेमणूकपत्र आहे का, कामगार आयुक्त कार्यालयाने जाहीर केलेल्या किमान वेतनाशी त्यांचा पगार जुळतो का, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत कर्मचारी राज्य विमा योजना आणि वीस किंवा अधिक असलेल्या ठिकाणी भविष्यनिर्वाह निधी लागू केला आहे का, आणि एजन्सीने रक्षकांचा निधी खरोखर भरल्याच्या पावत्या आपण मागतो का. वर्षानुवर्षे चर्चची घंटा वाजवणाऱ्या, वेदी आवरणाऱ्या माणसाला म्हातारपणी काय मिळणार, हे विचारायला कोणी कचरू नये. उत्तर यायला वेळ लागेल. फादरांची बदली होईल आणि नव्याने सुरुवात करावी लागेल. म्हणून समितीच्या इतिवृत्तात प्रत्येक प्रश्न आणि उत्तर लिहून घ्यावे.

तिसऱ्या पायरीवर धर्मग्रामाच्या बाहेर पडावे. या वेळेपर्यंत कामगारांपैकी काही जणी पुढे आलेल्या असतील. बैठक बोलावण्याचे, बोलण्याचे आणि मागणी ठरवण्याचे काम आता त्यांचे. गटाने सभागृह द्यावे, अर्ज लिहून द्यावेत, माहितीच्या अधिकाराखाली मंडळाकडील नोंदणी आणि लाभवाटप यांची माहिती मागवावी आणि वकिलाची गाठ घालून द्यावी. गृहनिर्माण सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत लिफ्टचा आणि शौचालयाचा ठराव गटातील सदस्य स्वतः मांडू शकतात, आणि तो मंजूर होणे वाटते तितके कठीण नसते, फक्त कोणीतरी उभे राहून तो मांडावा लागतो. राजकीय पक्षांची मदत घ्यावी की नाही, हा वाद येथे येतो. निवेदन सर्व पक्षांच्या प्रतिनिधींना द्यावे, गटाच्या नावाने कोणाचाही प्रचार करू नये, आणि कामगार म्हणून एखादी बाई युनियनमध्ये किंवा पक्षात गेली तर तिला अडवू नये, कारण संघटनेचा तो हक्क तिला 'रेरुम नोव्हारुम'नेच मान्य केला आहे.

वसईला अशा बाहेर पडण्याची परंपरा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह अनेकांनी हरित वसईसाठी आंदोलन उभे केले, तेव्हा पाण्याच्या आणि जमिनीच्या प्रश्नावर ख्रिस्ती, हिंदू आणि मुस्लिम एकत्र रस्त्यावर आले. धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' मध्ये लिहिले, त्याच्या किती तरी आधी येथील लोकांनी ते विहिरीतल्या खाऱ्या पाण्यावरून ओळखले होते. ज्या गटाला मजुरीऐवजी पाण्याचा किंवा जमिनीचा प्रश्न निवडायचा असेल त्याने हीच तीन पायऱ्यांची पद्धत वापरावी. पाहण्याच्या पायरीवर विहिरींची पातळी, टँकरची बिले आणि विकास आराखड्याचे नकाशे येतील.

विरोध होईल तेव्हा

गटातच घरे बांधणारे, दुकानदार आणि मजूर लावणारे बागायतदार असतात. त्यांना बाहेर काढून उरलेल्यांनी काम करणे सोपे असते, पण पुढे त्यातून फार काही हाती लागत नाही. त्यांना आकडे मागावेत: फुलांचा भाव किती मिळतो, खत आणि वीज यांना किती जाते, मजुरी किती वाढली तर वाडी तोट्यात जाईल. कित्येकदा दिसते की शेतकऱ्यालाच न्याय्य भाव मिळत नाही आणि तो आपला तोटा मजुरावर ढकलतो. १९८७ च्या 'सोलिचितुदो रेई सोशालिस' मध्ये पापाच्या रचनांविषयी लिहिले आहे: व्यक्तींच्या चुकांतून घडलेल्या आणि मग सगळ्यांना आपल्यात ओढणाऱ्या अशा त्या रचना असतात. त्याच पत्राच्या ३८ व्या परिच्छेदात एकजुटीचे वर्णन सर्वांच्या हितासाठी झटण्याचा ठाम आणि चिवट निर्धार असे केले आहे. जवळच्या आणि दूरच्या दुःखितांविषयी वाटणारी अस्पष्ट कणव म्हणजे एकजूट नव्हे, असेही तेथे बजावले आहे. बागायतदार आणि मजूर या दोघांचाही हिशेब एकाच फळ्यावर मांडला, म्हणजे भांडण कोठे आहे आणि कोणाशी आहे हे स्पष्ट होते.

प्रवचनातून हा विषय यावा अशी विनंती फादरांना करावी, पण कोणत्याही घराचा किंवा संस्थेचा उल्लेख वेदीवरून होऊ नये. प्रभूच्या मळ्यातील मजुरांचा दाखला, ज्यात शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाचा दिनार मिळतो, हा त्या रविवारी वाचला जावा.

वर्षाच्या शेवटी पुन्हा तीच चिठ्ठी भरून घ्यावी, तेच प्रश्न, नाव न लिहिता, आणि दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. हे आकडे आधी कामगारांच्या बैठकीत वाचून दाखवावेत आणि त्यांच्या मते कोणता बदल खरा आहे व कोणता कागदावरचा आहे हे विचारावे. धर्मग्राम परिषदेपुढे अहवाल त्यानंतर जावा, आणि तो मांडताना गटाच्या प्रतिनिधीबरोबर त्यांच्यापैकी एक जण असावी. पुढच्या वर्षाचा प्रश्न कोणता घ्यायचा, हेही त्याच बैठकीत त्यांना विचारून ठरवावे.